नरक्या
नरक्या (शास्त्रीय नाव: नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुने नाव: मॅपिया फीटिडा) हा सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत वाढणारा लहान वृक्ष आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तो राधानगरी, आंबा, गगनबावडा या भागांतील जंगलांत आढळतो. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. जुन्या नावातील ‘फीटिडा’ या पदाचा अर्थही ‘दुर्गंधी’ असाच आहे. पिकलेले फळ जांभळट रंगाचे व एकबीजी असते. खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असते. कर्करोगावरील काही औषधे त्यापासून तयार होतात, आणि वृक्ष दुर्मीळ होत चालल्याचे मुख्य कारणही तेच आहे.

शोध
कॅम्प्टोथेसिन प्रथम मिळाले ते नरक्यातून नव्हे, तर कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षातून. अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९६६ साली ते वेगळे केले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या प्रसिद्ध औषधाची रचनाही याच दोघांच्या चमूने उलगडली. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले.

कार्यपद्धती
पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार होते. त्या वेळी डीएनएला पडणारा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर दोन धाग्यांपैकी एक धागा क्षणभर कापते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या जोडणीच्या आधी आडवे येते. कापलेला धागा तसाच उघडा राहतो. प्रत तयार करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. दुरुस्ती अशक्य झाली की पेशी स्वतःच्याच नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू करते. या प्रक्रियेला अपोप्टोसिस म्हणतात.

वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही याची झळ बसते. त्यामुळे रक्तपेशी कमी होतात व अतिसार होतो. मूळ द्रव्याच्या सोडियम क्षाराच्या चाचण्या मूत्राशयातील रक्तस्राव व अस्थिमज्जेवरील परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. नंतर रचनेत बदल करून टोपोटेकॅन व आयरिनोटेकॅन ही औषधे सिद्ध झाली. दोहोंना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. टोपोटेकॅन अंडाशयाच्या व फुप्फुसाच्या विशिष्ट कर्करोगांवर, तर आयरिनोटेकॅन मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. जपानमध्ये आयरिनोटेकॅनला बिगर-हॉजकिन लिम्फोमासाठीही मान्यता आहे. लिम्फोमावर (लसिकापेशींच्या कर्करोगावर) अधिक रुळलेली वनस्पतिजन्य औषधे मात्र अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतात: व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन. ती डीएनएला न छेडता पेशीविभाजनाचे सूत्रजाल बांधले जाऊ देत नाहीत.

नरक्याच्या सालीचा किंवा लाकडाचा काढा हा या औषधांचा पर्याय नव्हे. त्यात द्रव्याची मात्रा अनिश्चित असते, आणि उपयुक्त व घातक मात्रेतील अंतर फार थोडे आहे.

तोड व संवर्धन
औषधनिर्मितीसाठी लाकडाला मागणी वाढल्यावर सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. खोडाचे बारीक तुकडे करून त्यांची चोरटी वाहतूक केली जाते. तुकड्यांवरून झाड ओळखणे अवघड असल्याने तपासणीत ते सहज निसटतात. मुळांतही द्रव्य असल्याने झाड समूळ उपटले जाते व पुन्हा फुटवा येण्याची शक्यता संपते. यावर उपाय म्हणून रोपवाटिका, लागवड आणि ऊतिसंवर्धन यांचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवण्यावर संशोधन झाले आहे.