ठिणगी पडेना! : टिग वेल्डिंगच्या प्रज्योत-प्रारंभकाची दुरुस्ती

सोलापूर म्हटले की चादरी, टॉवेल आणि मागांचा खडखडाट आठवतो. पण अक्कलकोट रस्त्याच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत फेरी मारली, तर पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या आणि जोडणाऱ्या लहान कार्यशाळाही दिसतात. दुधाची टाकी, हॉटेलातील ओटा, यंत्राची नळी असे स्टेनलेस स्टीलचे काम असेल, तर तेथे टिग वेल्डिंग लागते. या यंत्राचा एक नेहमीचा आजार म्हणजे, वेल्डर टॉर्चचे बटण दाबतो, आरगॉन वायू फुसफुसत बाहेर येतो, पण प्रज्योत, म्हणजे कारागिरांच्या भाषेतला 'आर्क', काही पेटत नाही. असे का होते आणि दुरुस्तीची सुरुवात कोठून करावी, हे आपण या लेखात पाहू.

टिगमध्ये टंगस्टनची टोकदार कांडी आणि पत्रा यांच्यामध्ये प्रज्योत पेटते. टंगस्टन सुमारे ३४२० अंश सेल्सियसला वितळते, म्हणून ही कांडी सहसा वितळत नाही. भोवती आरगॉनचे वेष्टण असते, त्यामुळे तापलेल्या धातूपर्यंत हवेतील ऑक्सिजन पोचत नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांनी विमानांच्या मॅग्नेशियमच्या भागांसाठी ही पद्धत विकसित केली. तेव्हा आरगॉनऐवजी हेलियम वापरत.

८० व्होल्ट का पुरत नाहीत?

प्रज्योत एकदा पेटली, की ती टिकवायला १० ते १५ व्होल्ट पुरतात, कारण फटीतील वायूचे आयनीभवन झालेले असते आणि तो वाहक बनलेला असतो. अडचण असते ती पहिल्या क्षणाची. थंड वायू हा उत्तम विद्युतरोधक आहे. हवेची १ मिलिमीटर फट भेदायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. आरगॉनला त्याहून कमी लागतात, पण यंत्र देते जेमतेम ६० ते ८० व्होल्ट.

मग फट लहान करत नेली तर? येथे १८८९ साली फ्रीड्रिख पाशेन यांनी मांडलेला नियम आड येतो. विभवांतर सुमारे ३३० व्होल्टपेक्षा कमी असेल, तर व्यवहारात हवेची फट कितीही लहान केली तरी ठिणगी पडत नाही. आरगॉनची ही मर्यादा सुमारे १४० व्होल्ट आहे. म्हणजे ८० व्होल्टला दोन्ही दारे बंद! टंगस्टन पत्र्याला टेकवून, घासून पेटवणे एवढाच मार्ग उरतो. पण त्यात टंगस्टनचे कण जोडात अडकतात आणि कांडीचे टोक बिघडते. दुधाच्या टाकीत असा खडबडीत, खड्डे पडलेला जोड म्हणजे जंतूंना आयते घर. म्हणूनच प्रारंभक बंद पडला, की काम खोळंबते किंवा कामाचा दर्जा घसरतो.

हर्ट्झचा वारस

प्रारंभकाची रचना पाहिली, तर भौतिकीचा शिक्षक ती लगेच ओळखेल. एक छोटे रोहित्र २३० व्होल्टचे काही हजार व्होल्ट करते. त्यावर एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, भारित होतो. विभवांतर पुरेसे वाढले, की दोन टंगस्टन अग्रांमधील बारीक फटीत ठिणगी पडते आणि धारित्र एका वेटोळ्यातून रिकामे होते. भार मागे-पुढे झोके घेतो, आणि हा क्रम प्रत्येक अर्धआवर्तनात अनेकदा घडतो. १८८७ साली हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय तरंग निर्माण केले ते ठिणगीनेच. कोलकात्यात १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी वापरली तीही ठिणगीच.

समजा, धारित्र २ नॅनोफॅरड आणि वेटोळ्याचे प्रवर्तन १० मायक्रोहेन्री आहे. आपल्या ओळखीच्या f = १/(२π√LC) या सूत्राने वारंवारता येते सुमारे ११ लाख हर्ट्झ. ३००० व्होल्टला साठलेली ऊर्जा ½CV² म्हणजे फक्त ०.००९ जूल. एवढीशी ऊर्जा पत्रा वितळवणार नाही, पण वायूतून वाट पाडायला पुरते. दुसरे वेटोळे हा उच्च दाब टॉर्चच्या तारेत उतरवते. वाट पडली, की मूळ यंत्राचा शंभरेक अँपिअर प्रवाह त्या वाटेने धावतो.

नाडी पाहावी कशी?

आकडेमोडीत आलेली वारंवारता रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये बसते. शिवाय ठिणगी एकाच वारंवारतेवर थांबत नाही, ती आसपास सगळीकडे गोंगाट करते. म्हणून मध्यम लहरींवर लावलेला जुना ट्रान्झिस्टर हेच येथे वैद्याचे नाडीपरीक्षण! बटण दाबताच रेडिओ खरखरला, तर प्रारंभक जिवंत आहे. मल्टिमीटर मात्र टॉर्चला लावून बटण दाबू नये. उच्च दाबाने तो जळतो आणि धरणाऱ्यालाही धोका होतो.

रेडिओ खरखरतो, पण प्रज्योत पेटत नाही, तर आधी बाहेर पाहावे. अर्थचा चिमटा रंगावर किंवा गंजावर बसला आहे का? वायू येतो आहे का? टंगस्टनचे टोक मळलेले आहे का? टॉर्चच्या तारेचे आवरण फाटून ठिणगी वाटेतच गळते आहे का? बहुतेकदा उत्तर येथेच सापडते.

तरीही उलगडा झाला नाही, तर संशय जातो यंत्राच्या निर्गमावर जोडलेल्या उपमार्गी धारित्रावर. समजा, तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ३२,००० ओहम असतो, तर १० लाख हर्ट्झला १.६ ओहम. म्हणजे वेल्डिंगच्या प्रवाहाला तो भिंत, तर प्रारंभकाच्या स्पंदांना मोकळा दरवाजा. त्याचा जोड तुटला, तर उच्च दाब फटीपर्यंत न पोचता मागे यंत्राच्या डायोडांवर जातो. एका स्वस्त भागापायी महाग भाग जळतात ते असे.

रेडिओच गप्प असेल, तर बिघाड प्रारंभकात आहे. फ्यूज, टॉर्चचे बटण, रिले आणि रोहित्राचा पुरवठा तपासून मग ठिणगी-फटीकडे वळावे. ठिणग्यांनी अग्रे झिजतात आणि फट रुंदावते. ग्राइंडरची लोखंडी भुकटी, कापसाचे तूस आणि धूळ साचून रोधकावरूनच गळतीची वाट तयार होते. धूळ झटकावी, अग्रे साफ करावीत आणि फट उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आणावी. ती अनेक यंत्रांत सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन कागदांएवढी असते. मोजायला स्कूटरच्या मेकॅनिककडील फीलर गेज चालते. फट फार लहान झाली, तर धारित्र पुरते भारित होण्याआधीच ठिणगी पडते आणि स्पंद दुबळा होतो. 'जोर वाढावा' म्हणून फट रुंद केली, तर धारित्रावर आणि रोहित्राच्या आवरणावर झेपणार नाही इतका दाब येतो आणि ते फुटतात. अनेक इन्व्हर्टर यंत्रांत फटीऐवजी अर्धवाहक स्विच असतो. तेथे हा उपाय लागू नाही.

जिवाची गोष्ट

उच्च वारंवारतेचा झटका सौम्य असतो, असा समज कार्यशाळांत आढळतो. पण प्रारंभकातले रोहित्र ५० हर्ट्झवर काही हजार व्होल्ट देते, आणि तो झटका प्राणघातक ठरू शकतो. इन्व्हर्टर यंत्राच्या मोठ्या धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्ट, तर तीन फेजच्या यंत्रात ५८० च्या पुढे दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घामाने भिजलेल्या कातडीचा रोध घटतो आणि धोका वाढतो. म्हणून नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे, धारित्रे योग्य रोधातून रिकामी करावीत, दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करावी आणि मगच हात घालावा. हे काम जाणकार तंत्रज्ञाचे आहे, शाळेच्या प्रयोगशाळेचे नाही.

वर्गात मात्र यातले तत्त्व निर्धोकपणे दाखवता येईल. मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या जागी रेडिओ लावा आणि त्याच्याजवळ, शेगडीपासून दूर, शेगडी पेटवण्याचा ठिणगीचा लायटर दाबा. प्रत्येक ठिणगीला 'टक्' असा आवाज येईल. लायटर दूर नेला तर काय होते? मध्ये पत्र्याचे झाकण धरले तर? उत्तरे आधी न सांगता विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.