उतारावर उभी गाडी : हँडब्रेकच्या भरवशाची मर्यादा

पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढणार असल्याचे समजले, की निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी परिसरात गोदाकाठी एकच धावपळ उडते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील महापुरांचा अनुभव गाठीशी असल्याने पाणी चढण्यापूर्वीच नदीतील विद्युत मोटारी, पाइप आणि केबल वर काढण्याची घाई असते. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप किंवा जीप थेट काठाच्या उतारावर उतरवली जाते. चारही चाकांना ताकद मिळत असल्याने ती चिखलातून वर चढते, यात शंका नाही. मात्र जी गाडी उतार चढू शकते, ती त्याच उतारावर चालकाविना उभी राहू शकेलच, असे मानणे धोक्याचे आहे.

यामागचे मुख्य कारण हँडब्रेकच्या रचनेत आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक केवळ मागील दोन चाकांवर काम करतो. शिवाय त्याची कसोटी कठीण रस्त्यासाठी आखलेली असते. व्यापारी वाहनांच्या ब्रेकविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३ या नियमावलीत भरलेले वाहन १८ टक्के चढावर, म्हणजे सुमारे १० अंशांच्या उतारावर, स्थिर राहावे अशी अपेक्षा आहे. नदीकाठची पायवाट रुंद करून केलेला रस्ता याहून सहज तीव्र असू शकतो आणि त्याखाली डांबर नव्हे, तर गाळ, काळी माती किंवा सुटा मुरूम असतो.

आकडे काय सांगतात?

समजा, दोन हजार किलो वजनाची गाडी १५ अंशांच्या उतारावर उभी आहे. तिला खाली ओढणारा जोर सुमारे ५१८ किलो वजनाइतका असतो. सुट्या मुरमावर घर्षणांक ०.५ धरला, सपाटीवर वजन पुढे-मागे सारखे विभागले आहे असे मानले, गुरुत्वमध्य पाऊण मीटर उंचीवर आणि पुढील-मागील चाकांतील अंतर २.७ मीटर धरले, तर चित्र स्पष्ट होते. गाडीचे तोंड उताराकडे असल्यास वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड जेमतेम ४११ किलो उरते. म्हणजे हँडब्रेक पूर्ण आवळलेला असूनही, चाके न फिरता गाडी घसरू लागते. तोंड चढाकडे असल्यास मागील चाकांवर भार वाढतो आणि पकड ५५५ किलोपर्यंत जाते. गाडी थांबते, पण काठावरच. चारही चाके रोखली गेली, तर मात्र ही पकड ९६६ किलोच्या घरात पोहोचते.

चारही चाके कशी रोखावीत?

जुन्या पद्धतीच्या फोर व्हील ड्राइव्ह यंत्रणेत 'फोर हाय' किंवा 'फोर लो' लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडला जातो. त्यामुळे मागील चाकांवरील हँडब्रेक पुढील चाकांनाही धरून ठेवतो. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागणाऱ्या गाड्यांत ते मोकळे राहिले, तर हा लाभ मिळत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये राहणे. अशा स्थितीत पहिला गिअर टाकलेला असो वा ऑटोमॅटिक गाडी 'पी'वर असो, इंजिन आणि गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. गाडी उरते ती निव्वळ हँडब्रेकच्या भरवशावर. गिअर बरोबर पडला आहे, ही समजूतच किती महागात पडू शकते, हे जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे दिसून आले. अभिनेते अँटन येल्चिन यांचा घरासमोरच्या तीव्र उतारावर स्वतःचीच गाडी घरंगळत येऊन मृत्यू झाला.

योग्य क्रम

गाडी उताराला आडवी न लावता सरळ, शक्यतो चढाकडे तोंड करून उभी करावी. पायाचा ब्रेक दाबून ठेवावा, 'फोर लो' लागल्याची खात्री करावी, गिअर न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक ओढावा. मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडून गाडी स्थिरावू द्यावी. ती सरकली, तर ती जागा सोडून द्यावी. स्थिर राहिली, तर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करावे आणि चढाकडे तोंड असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत हँडब्रेक आधी आणि 'पी' नंतर, हाच क्रम ठेवावा. अन्यथा सारा भार गिअरबॉक्समधील एका लहानशा खिळीवर येतो.

त्यानंतर किमान दोन चाकांच्या उताराकडील बाजूस लाकडी ठोकळे किंवा कंगोरेदार मोठे दगड घट्ट बसवावेत. गोल गोटा चाकाबरोबर गडगडतो. भुसभुशीत जमिनीत ठोकळा थोडा खणून रोवावा. गाडीत मोटार चढविल्यावर किंवा दोराने ओढकाम केल्यावर भार बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी चाके पुन्हा तपासावीत.

काठच खचला तर?

पूर ओसरताना वेगळाच धोका निर्माण होतो. पाण्याने भिजून जड झालेल्या काठाला बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार अचानक नाहीसा होतो आणि दरड कोसळते. अशा वेळी कोणताही ब्रेक उपयोगी पडत नाही. काठाशी समांतर भेग दिसल्यास गाडी वरच ठेवावी आणि लांब दोर वापरावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसारही सार्वजनिक ठिकाणी चालकाविना उभे केलेले वाहन आपोआप हलणार नाही, याची दक्षता घेणे बंधनकारक आहे. मात्र नदीकाठी कायद्याहून मोठा प्रश्न जिवाचा असतो. काम करणाऱ्यांनी गाडीच्या खालच्या बाजूस उभे राहू नये, मुलांना केबिनमध्ये बसवू नये आणि घरंगळू लागलेली गाडी हातांनी अडविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. वाहून गेलेली मोटार पुन्हा घेता येते. माणूस मात्र परत आणता येत नाही.