स्पीकरची झोप आणि हरवलेला पहिला शब्द

संगणकाला जोडावयाच्या अनेक नव्या स्पीकरमध्ये एक स्वयंचलित सोय असते. काही मिनिटे आवाज आला नाही, की स्पीकर आपोआप निद्रावस्थेत जातो आणि ध्वनिसंकेत मिळताच पुन्हा सुरू होतो. हेतू वीजबचतीचा आहे. युरोपीय संघाच्या २००८ मधील नियमाने वापरात नसलेल्या उपकरणांच्या वीजवापरावर २०१० पासून साधारणतः १ वॅटची, तर २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. ही सोय रूढ होण्यास त्यामुळे हातभार लागला.

परंतु स्पीकर जागा होईपर्यंतचा क्षणभराचा आवाज ऐकूच येत नाही. गाणे ऐकताना त्याने फारसे बिघडत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर विसंबून असलेल्या दृष्टिबाधित ग्राहकाची वा कर्मचाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. मराठीत मोठी संख्या आधी उच्चारली जाते. ‘एक लाख पाच हजार’ यातील आरंभ गळाला, तर कानी पडतात केवळ ‘पाच हजार’!

यावर काही सोपे उपाय आहेत. प्रथम स्पीकरच्या मागील बाजू व माहितीपुस्तिका पाहावी; काही स्पीकरमध्ये ही सोय बंद करण्याचे बटण असते. ते नसल्यास संगणकावरील आवाज वाढवून स्पीकरचा कमी करावा. क्षीण संकेताला शांतता समजून स्पीकर झोपी जाण्याचे प्रकार त्यामुळे टळतात. तेही न साधल्यास साधे, तारेचे हेडफोन उत्तम. त्यांना स्वतंत्र वीजपुरवठा लागत नाही, म्हणून झोपही नाही. शिवाय खात्यावरील शिल्लक शेजाऱ्याच्या कानी जात नाही.

स्पीकर सतत सुरू ठेवल्यास खर्च किती? तो रिकामा असताना ५ वॅट वीज घेतो असे धरले, तर रोज ८ तासांप्रमाणे २५ दिवसांत अवघे १ युनिट होते. घरी जाताना मुख्य बटण बंद केले, की उरलेली बचत आपोआप साधते.

नवा स्पीकर घेताना ही सोय बंद करता येते का, हे दुकानातच विचारून घ्यावे. तोवर, दीर्घ विरामानंतर ऐकलेली रक्कम पुन्हा एकदा ऐकूनच व्यवहारास संमती द्यावी, ही विनंती.