मुरमाची जमीन, लाकडाची जमीन

इसवी सन १९५२ च्या ऑगस्ट महिन्यात, निजामाचे राज्य जाऊन पुरती चार वर्षेही लोटली नव्हती आणि नांदेड जिल्ह्याच्या कचेऱ्यांतील दफ्तरांवरून उर्दू अजून पुरती ओसरली नव्हती, अशा काळात मॉस्को शहरातील डायनॅमो क्रीडांगणावर उघड्या आभाळाखाली महिलांची पहिली जागतिक व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा भरली. आणि तीत जे अवघे आठ देश उतरले, त्यांत एक आपला होता. ही हकीकत आज कोणाला सांगावी तर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. सोव्हिएत संघ पहिला, पोलंड दुसरा, चेकोस्लोव्हाकिया तिसरा. मागोमाग बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी आणि फ्रान्स. आणि आठवे, म्हणजे अखेरचे, स्थान भारताच्या मुलींचे. अखेरचे खरे, परंतु अखेरचा नंबर लागण्यासाठीसुद्धा आधी मैदानात हजर असावे लागते, आणि ती हजेरी त्यानंतर आजतागायत या स्पर्धेच्या पटावर पुन्हा लागलेली नाही.

या स्पर्धेचा परिचय नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी बसून लिहावा, यात कोणाला अप्रस्तुतपणा वाटेल. बालाघाटच्या उतरणीवरचा हा मुलूख. लेंडी नदीचे खोरे. मराठीत तेलुगू, कन्नड आणि उर्दू सहज मिसळलेला बाजार. ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. आणि रेल्वेचा रूळ अद्याप गावाला न शिवलेला. जागतिक अजिंक्यपदाशी या गावाचा संबंध कोणता, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर 'कोणताही नाही' असेच द्यावे लागेल. तरीही हा खेळ येथे पोरकाही नाही. शाळेच्या आवारात दोन लोखंडी पाइप रोवून त्यांना जाळी ताणलेली असते आणि पाऊस उघडला की फक्की मारून चौकट आखली जाते. एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या शालेय स्पर्धा पार पडतात, आणि तेथून जिल्हा, जिल्ह्यावरून लातूर विभाग, विभागावरून राज्य अशी एक शिडी निदान कागदोपत्री तरी उभी आहे. जगाच्या स्पर्धेची अगदी तळची पायरी ती हीच, आणि वरच्या मजल्याचे वर्णन करणाऱ्याने पायरी कशाची बांधलेली आहे हे पाहिले तर काही बिघडत नाही.

खेळ जन्मला तो अमेरिकेतील होल्योक या गावी, १८९५ साली. विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाला बास्केटबॉलची दगदग न सोसणाऱ्या मध्यमवयीन व्यापारी गृहस्थांसाठी अंगाला अंग न भिडणारा, बेताचा खेळ हवा होता; त्याने टेनिसची जाळी उंच बांधली आणि चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही एवढीच शर्त घातली. पोट सुटलेल्या गृहस्थांसाठी योजलेला हा उपाय पुढे स्त्रियांच्या सर्वांत वेगवान सांघिक खेळांपैकी एक व्हावा, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. वाय.एम.सी.ए. या संस्थेने तो आशियात आणला, आणि हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासेत काढलेल्या व्यायामशिक्षण विद्यालयातून शिकून निघालेल्या मास्तरांनी तो दक्षिणेच्या शाळांतून रुजवला. आपल्या खेड्यांनी मात्र त्यातून आपल्या सोयीचा एक निराळाच पाठ तयार केला. दोन्ही हात जोडून चेंडू ठोकण्याचा शूटिंगबॉल मराठवाड्याच्या गावोगावी आजही रंगतो, जत्रेत त्याचे सामने लागतात, रात्री दिव्यांच्या उजेडात चालतात, आणि प्रेक्षकांना तो व्हॉलीबॉलहून अधिक जवळचा वाटतो. तो जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा खेळ राहिला. मुलींच्या वाट्याला व्हॉलीबॉल आला तो शाळेच्या वाटेने, आणि शाळा सुटली की बहुधा तोही सुटला.

आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला आणि आरंभीची काही वर्षे या खेळावर पूर्व युरोपाची अव्वल सत्ता होती. १९५२, १९५६ आणि १९६० अशी तिन्ही महिला अजिंक्यपदे सोव्हिएत संघाने घेतली. ही सत्ता मोडली ती जपानच्या एका सूतगिरणीने, आणि माझ्या मते या स्पर्धेच्या साऱ्या इतिहासात एवढे मनोवेधक प्रकरण दुसरे नाही.

ओसाकाजवळ कैझुका येथे निचिबो या कापड कंपनीची गिरणी होती. तिच्या महिला संघाचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलेले गृहस्थ. त्यांच्या शिस्तीविषयी त्या काळी जपानातही उघड नापसंती बोलली जात असे आणि ती अनाठायी नव्हती. मुली दिवसा गिरणीच्या नोकरीवर हजर होत, आणि कचेरीचे काम उरकले की दुपारनंतर सुरू झालेला सराव मध्यरात्रीपर्यंत, कित्येकदा त्याही पलीकडे चाले. युरोपी खेळाडूंच्या मानाने त्या बुटक्या. जाळीवरच्या झुंजीत उंचीपुढे त्यांचा निभाव लागणे कठीण. म्हणून दाइमात्सुंनी झुंजच खाली, जमिनीवर आणली. दूर पडणाऱ्या चेंडूकडे झेपावायचे, तो पडता पडता उचलायचा, आणि पडल्याचा जोर न दवडता खांद्यावरून कोलांटी घेऊन तत्क्षणी पुन्हा उभे राहायचे: ही 'लोळण' त्या संघाची ओळख बनली. पडलेला खेळाडू सामन्याच्या हिशेबात क्षणभर मेलेला असतो. या मुली पडत होत्या आणि मरत नव्हत्या, हे प्रतिपक्षाच्या ध्यानी येईपर्यंत गुण गेलेला असे. १९६१ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी सामन्यामागून सामने जिंकले तेव्हा त्यांना 'पूर्वेकडच्या चेटकिणी' हे नाव पडले, आणि पुढल्याच वर्षी मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या घरच्या मैदानावर, जपानने जागतिक अजिंक्यपद हिसकावून घेतले.

मुलींचा बेत तेथेच थांबण्याचा होता. लग्नाची वये झाली होती. परंतु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला, स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मिळालेला तो पहिला सांघिक खेळ, आणि लोकांच्या आग्रहाला मान देऊन त्या आणखी दोन वर्षे त्या गिरणीत आणि त्या सरावात राहिल्या. २३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात जपानने सोव्हिएत संघाला १५–११, १५–८, १५–१३ असे सरळ हरवले, आणि तो सामना पाहणाऱ्यांचे दूरचित्रवाणीवरील प्रमाण ६६.८ टक्के नोंदले गेले. कर्णधार मासाए कासाई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी पुढे स्थळ पाहण्यात खुद्द पंतप्रधान एइसाकु सातो यांनी लक्ष घातले. विजयासाठी एका पिढीकडून किती वर्षे उसनी घेतली होती याची राष्ट्राला जाणीव होती, एवढे तरी त्यातून दिसते. ती उसनवार न्याय्य होती की नव्हती, हा प्रश्न मात्र पंतप्रधानांनी स्थळ शोधून दिल्याने मिटत नाही.

आता ही लोळण मुखेडच्या मैदानावर घेऊन पाहावी. येथील मूळ जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती पायाला बिलगते. म्हणून मैदानावर मुरूम पसरतात, पाणी मारतात, रूळ फिरवतात. मुरूम दबला की पाय ठरतो, चिखल होत नाही. पण मुरमाचा प्रत्येक खडा कातडीचा वैरी असतो. एकदा गुडघा आणि कोपर सोलून निघाले की दुसऱ्या झेपेला शरीर आपण होऊन नकार देते, मग शिक्षकाने कितीही ओरडावे. साहजिकच येथील मुली उभ्या उभ्या खेळायला शिकतात. समोर आलेला चेंडू त्या दोन्ही हातांच्या मनगटांवर सुरेख घेतात, सर्व्हिस मारण्यात त्यांचा हात पक्का असतो, परंतु दोन हात दूर पडणाऱ्या चेंडूला त्या डोळ्यांनी निरोप देतात. विभागाच्या पलीकडे, जेथे सामने लाकडी जमिनीवर होऊ लागतात, तेथे हाच दोन हातांचा फरक गुणफलकावर उतरतो आणि बघणारा म्हणतो, मुलींत जिद्द नाही. जिद्दीचा तेथे काय संबंध? मुरमावर लोळण शिकता येत नाही.

जमिनीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. कैझुकाच्या गिरणीने मुलींना पगार दिला, छप्पर दिले आणि दुपारनंतरचे तास दिले. सोव्हिएत संघात तेच काम क्रीडामंडळांनी केले, चीनमध्ये सरकारी क्रीडाशाळांनी. लांग पिंग यांच्या पिढीने १९८१ पासून लागोपाठ पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यांत १९८२ आणि १९८६ ची दोन जागतिक अजिंक्यपदे, आणि त्या यशामागे त्या शाळांची मोठी साखळी होती. पुढे क्युबासारख्या छोट्या बेटाने १९९४ आणि १९९८ अशी दोन अजिंक्यपदे घेतली. मिरेया लुईस या त्यांच्या खेळाडूची उंची इतरांच्या मानाने बेताचीच, पण तिची उडी पाहून उंची मोजणारे गप्प बसत. त्यानंतर इटली, रशिया, अमेरिका, सर्बिया यांचा काळ आला. या नावांच्या यादीत मला राष्ट्रांपेक्षा आश्रयदाते अधिक दिसतात. जेथे कोणी तरी मुलीची संध्याकाळ विकत घेतली, किंवा निदान मोकळी ठेवली, तेथे हे अजिंक्यपद गेले.

नांदेडातही गिरणी होती. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या, नावाची उस्मानशाही मिल. एके काळी शहराचा दिवस तिच्या भोंग्यावर चाले. कापूस आमच्याकडे होता, गिरणी होती, कामगार होते. पुढे गिरणी बंद पडली, एवढेच त्या कथेचे उत्तरचरित्र.

आपल्या देशात महिला व्हॉलीबॉलला आश्रय मिळाला तो मुख्यतः दोन ठिकाणी: केरळच्या क्रीडावसतिगृहांत आणि रेल्वेच्या नोकरीत. १९७५ साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या के. सी. एलम्मा असोत की जयसम्मा मूथेडन, केरळची मुद्रा या खेळावर अशी उमटली की वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत महिलांचा अंतिम सामना रेल्वे आणि केरळ यांच्यात व्हावा हा जणू रिवाजच पडला. दक्षिण आशियाच्या वर्तुळात आपला संघ आजही वरचढ आहे. २०१९ च्या काठमांडू येथील स्पर्धेत नेपाळला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३–२ असे हरवून सुवर्णपदक आणले, तो सामना चुरशीचा झाला. परंतु जपान, चीन, थायलंड यांच्याशी गाठ पडली की अंतर उघडे पडते. आमच्या पोरींच्या मनात रेल्वेच्या नोकरीची आस असतेच. ज्या गावाला रूळ नाहीत त्या गावी ही आस जपली जावी, याची गंमत वाटते आणि थोडी चुटपुटही.

खेळाचे नियमही मध्यंतरी बदलले आणि ते बदल बुटक्या मुलींच्या पथ्यावर पडले. १९९८ च्या सुमारास 'लिबेरो' आली: वेगळ्या रंगाचा सदरा घालणारी, मागच्या रांगेतच राहणारी, स्मॅश किंवा ब्लॉक करण्याची मनाई असलेली आणि केवळ चेंडू वाचवण्यासाठी नेमलेली खेळाडू. त्याच सुमारास प्रत्येक चढाओढीला गुण देण्याची पद्धत सुरू झाली. पूर्वी सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळे आणि सामने संध्याकाळभर रेंगाळत. महिलांची जाळी २.२४ मीटर उंच, पुरुषांची २.४३, म्हणजे एकोणीस सेंटिमीटरचा फरक. तरीही महिलांचा चेंडू अधिक काळ हवेत राहतो, अधिक वेळा वाचतो, आणि जाणत्या प्रेक्षकाला तो खेळ पुरुषांच्या खेळाहून अधिक वेधक वाटतो. माझेही मत तेच आहे.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ही स्पर्धा थायलंडमध्ये झाली. बत्तीस देश उतरले, आणि बँकॉकच्या अंतिम सामन्यात इटलीने तुर्कस्तानला ३–२ असे हरवले. येथून पुढे ती दर दोन वर्षांनी भरायची आहे. स्पर्धा सुरू होण्याच्या चारच दिवस आधी मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हाहाकार केला होता. लेंडीच्या पुराने गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली. थायलंडात कोण जिंकले याची वास्तपुस्त करण्याच्या मनःस्थितीत त्या दिवसांत येथे कोणी नव्हते, आणि शाळेच्या मैदानांचा मुरूम चिखलाखाली होता.

तो पुन्हा पसरला जातो, जाळीही पुन्हा लागते. एकोणीस वर्षांखालील गटापर्यंत मुली खेळतात, कारण प्रमाणपत्रावर बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आईबापांपुढे मांडण्यास ही कारणे पुरेशी असतात. त्यानंतर याच मुली पहाटे त्याच मैदानावर दिसतात, पण जाळीला पाठ करून. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावे लागते, शंभर मीटर धावावे लागते आणि चार किलोचा गोळा फेकावा लागतो. तेथे चेंडू कोणी मागत नाही. जिच्या सर्व्हिसवर विभागाचा सामना फिरला होता, ती मुलगी फक्कीच्या पुसट रेघा ओलांडून फेऱ्या मारते, आणि मैत्रीण कडेला उभी राहून मोबाइलवर तिची वेळ लावते.