सामू आंबटपणा सांगतो, चुन्याचा हिशेब नाही

भद्रावती तालुक्यातल्या माजरीच्या आसपास खुल्या कोळसा खाणींतून उपसलेल्या माती-दगडांचे डोंगर उभे आहेत. खाणीतली माणसं त्यांना ओबी म्हणतात. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं झाकलेला दगड इथे प्रथमच पावसाला आणि हवेला उघडा पडतो. त्यात सोनमाखी, म्हणजे पायराइट, असेल तर तिच्यातल्या गंधकाचं हवा-पाण्याच्या संगतीनं गंधकाम्ल होतं. त्याच दगडात चुनखडीचा अंश असेल तर ती या आम्लाला जागेवरच गाठते. पाझरणारं पाणी आंबट निघणार की नाही, हे मुख्यतः या दोघांच्या मापावर ठरतं.

माप करणं अवघड नाही. 64 भार गंधकातून जितकं आम्ल होतं, त्याला शमवायला 200 भार शुद्ध चुनखडी लागते. म्हणजे 1,000 टन दगडात 1 टक्का गंधक पायराइटच्या रूपात असेल तर चुनखडी हवी 31.25 टन. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवनी, त्यात गंधक कमीच. मग ही आकडेमोड कशाला, असं कोणी म्हणेल. पण ‘कमी’ हा शब्द जमाखर्चाची एकच बाजू दाखवतो. अर्धा टक्का गंधकालाही 1,000 टनांमागे साडेपंधरा टनांवर चुनखडी लागते. दगडात चुनखडी 1 टक्का असेल तर ती भरते फक्त 10 टन. उलट गंधक बरंच असूनही चुनखडी भरपूर असेल, तर पाणी गोडं राहू शकतं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पाण्याचा सामू मोजावा, कमी असेल तर चुना घालत जावं आणि सांडपाण्याच्या नियमातल्या 5.5 ते 9 या पट्ट्यात तो आला की थांबावं. रसायनाचं गणित हवंच कशाला? गफलत इथेच होते. सामू फक्त त्या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन मोजतो, दडलेलं आम्ल त्याला दिसत नाही. हिशेबापुरतं 3 सामूचं पाणी घेऊ. त्यातल्या मोकळ्या आम्लासाठी 1,000 लिटरला 37 ग्रॅम विरवलेला चुना पुरतो. पण त्याच पाण्यात लिटरमागे 56 मिलिग्रॅम फेरस लोह विरघळलेलं असेल, तर हवेत त्याचा गंज होताना नवं आम्ल सुटतं आणि त्याला आणखी 74 ग्रॅम चुना लागतो. एकूण 111 ग्रॅम, म्हणजे तिप्पट. टाकीत सामू ठीक दिसला म्हणून सोडलेलं पाणी नाल्यात पुढे जाऊन पुन्हा आंबट होतं आणि तळाशी तांबडा गाळ बसतो, तो याच न मोजलेल्या लोहामुळे. धास्तीनं चुना जास्त ओतला तर तोही धड नाही. सामू 12 पर्यंत चढू शकतो आणि ते पाणीही जीवघेणं.

गंमत अशी की हा हिशेब सामूपेक्षा बराच जुना आहे. सामूचं माप रसायनज्ञ सोरेनसेननं 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं, तेही बीअर बनवणाऱ्यांच्या आश्रयानं. रिख्टर या जर्मन रसायनज्ञानं मात्र आम्ल आणि आम्लारी ठराविक प्रमाणातच एकमेकांना शमवतात हे 1790 च्या दशकातच तोलून दाखवलं होतं. त्या मोजणीला स्टॉइकिओमेट्री हे नावही त्यानंच दिलं.

तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. कागदावर पुरलेली चुनखडी नाल्यात पुरत नाही. आंबट, लोहयुक्त पाणी हवेच्या सान्निध्यात चुनखडीच्या गोट्यांवरून वाहू लागलं की त्यांच्यावर गंजाचं कवच चढतं आणि आतला दगड आम्लाला भेटतच नाही. पण यामुळे समीकरण खोटं ठरत नाही. किमान किती लागेल ते समीकरण सांगतं. किती वेगानं आणि किती पृष्ठभागावर, हे दगडाचा आकार आणि पाण्याचा ओघ ठरवतो. म्हणूनच बारीक चुनखडी ओबीचा थर चढवतानाच त्यात मिसळणं शहाणपणाचं. सामू तेव्हा उदासीनाजवळ राहतो, लोह पाण्यात फारसं टिकत नाही आणि पायराइटचं विघटनही मंदावतं. चंद्रपूर जिल्ह्याला चुनखडीसाठी दूर जावं लागत नाही. कोरपना-राजुरा भागातले सिमेंट कारखाने तिच्याच जोरावर उभे आहेत.