रात्री साडेतीनला आलेले चाळीस क्लायंट

पीएचडीला येण्याआधी दीड वर्षं मी एका छोट्या कंपनीत आयटी सपोर्टला होते. कोर्सवर्कमध्ये हायपोथेसिस टेस्टिंगचं लेक्चर सुरू झालं की मला अजून तिथला एक मंगळवार आठवतो.

कंपनीचा ईमेल एक्स्चेंज 2013 सर्व्हरवर चालायचा. शनिवारी आम्ही शेजारी नवा एक्स्चेंज 2016 बसवला. एकही मेलबॉक्स हलवली नव्हती, डीएनएसमधली मेलची नावं जुन्याच सर्व्हरकडे होती. म्हणजे नव्याकडे कोणी यायचं कारणच नव्हतं. सोमवारी काही जणांनी आउटलुकमध्ये सर्टिफिकेटची वॉर्निंग येतेय अशी तक्रार केली. आम्ही ‘येस दाबा’ सांगून मोकळे झालो. (ही खरी पहिली खूण होती. डेटा तक्रारीच्या रूपात आला की आपण त्याला डेटा मानत नाही.)

मंगळवारी नव्या सर्व्हरचा आयआयएस लॉग उघडला, तर सोमवारच्या तारखेला ऑफिसमधली चाळीसेक मशीन्स कनेक्ट झालेली. वेळ 03:30 च्या पुढे. वॉचमनच्या रजिस्टरनुसार रात्री इमारतीत कोणीच नव्हतं. आमच्या सरांना लगेच आठवला तो नुकताच राजीनामा दिलेला सहकारी, ज्याच्याकडे अॅडमिन पासवर्ड होता. त्याचा अंतिम हिशेब थांबवा, असा मेल एचआरला गेलासुद्धा.

मी लॉग परत वाचायला बसले. आयआयएसच्या नेहमीच्या डब्ल्यूथ्रीसी फॉरमॅटमध्ये वेळ यूटीसीत लिहिली जाते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. 03:30 म्हणजे सकाळचे 9:00, आमचं ऑफिस उघडायची वेळ! रोजची नवी लॉग फाइलसुद्धा डिफॉल्ट सेटिंगमध्ये आपल्या पहाटे 5:30 ला सुरू होते. ‘रात्रीचा घुसखोर’ तिथेच संपला.

पण मूळ प्रश्न तसाच होता: न सांगितलेला पत्ता आउटलुकला कळला कसा? सगळ्या नोंदींत मागणी एकाच फाइलची होती, ऑटोडिस्कव्हर डॉट एक्सएमएल. कोणी मेल वाचत नव्हतं. क्लायंट फक्त ‘माझी मेलबॉक्स कुठे आहे?’ एवढंच विचारत होते. डोमेनला जोडलेलं आउटलुक हे विचारण्यासाठी आधी डीएनएसकडे जात नाही. ते अॅक्टिव्ह डिरेक्टरीत ‘सर्व्हिस कनेक्शन पॉइंट’ नावाची नोंद शोधतं. आणि एक्स्चेंज इन्स्टॉल करताना सेटअप ही नोंद स्वतःच करून टाकतो, सर्व्हरच्या अंतर्गत नावाने. आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. सेटअपने सगळ्यांना सांगितलं होतं. सर्टिफिकेट नव्या सर्व्हरने स्वतःच सही केलेलं, म्हणून ती वॉर्निंग.

स्पष्टीकरण पटलं तरी मी ते लगेच मान्य केलं नाही, कारण घुसखोराचं स्पष्टीकरणही आम्हाला असंच पटलं होतं. हे खरं असेल तर काय दिसू नये, ते आधी वहीत लिहिलं: डोमेनला न जोडलेला लॅपटॉप त्याच नेटवर्कवरून नव्या सर्व्हरकडे जायला नको. माझा स्वतःचा लॅपटॉप लावून पाहिला. नाही गेला. मग ऑफिसच्या मशीनवर टास्कबारमधल्या आउटलुकच्या चिन्हावर कंट्रोल धरून राइट क्लिक केलं आणि ‘टेस्ट ईमेल ऑटोकॉन्फिगरेशन’ चालवलं. तिथे नव्या सर्व्हरचा पत्ता एससीपीमधूनच आल्याचं स्पष्ट दिसलं. शेवटी नव्या सर्व्हरच्या नोंदीत जुन्याच सर्व्हरचा ऑटोडिस्कव्हर पत्ता घातला आणि आउटलुक बंद करून परत उघडायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत लॉगमध्ये नवीन नोंदी येणं थांबलं, वॉर्निंगही.

सरांनी एचआरला दुसरा मेल पाठवला. पहिला मेल मात्र तोवर अकाउंट्सला फॉरवर्ड झाला होता, आणि त्या सहकाऱ्याचा हिशेब सुटायला आणखी तीन आठवडे गेले.