कंदमाशीची ओळख

हिंगोली जिल्ह्यातील वसमतचा परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. या पिकाची वैरीण कंदमाशी. तिच्या अळ्या जमिनीतील कंद पोखरतात आणि कंद सडू लागतो. ही माशी सहसा पावसाळ्यात दिसू लागते. परंतु, मुलांनो, ऐन उन्हाळ्यात काढलेले तिचे म्हणून एखादे छायाचित्र कोणी दाखविले, तर केवळ महिना पाहून निर्णय देऊ नये. प्रथम पंख मोजावेत. माशीला दोनच पंख. गांधीलमाशीला, नावात 'माशी' असूनही, चार. मात्र तेही एकमेकांत अडकून कधी दोनच भासतात. मग लांब काटकुळे पाय, काळसर अंग व पंखांवरील राखी पट्टे पाहावेत. डासाहून ती मोठी असते. छायाचित्रावर स्थळ व तारीख नसेल, तर ती अवेळी आली होती काय, हे जाणकारालाही सांगता येत नाही.